घरासाठी हेडफोन : मध्यम किमतीतली निवड

विषयाची चौकट
येथे हेडफोन म्हणजे कानाला पूर्ण वेढणारी, डोक्यावरून पट्ट्याने बसणारी वाट्यांची जोडी. कानाच्या नळीत बसणारे इअरफोन आणि कानावर नुसते टेकणारे छोटे हेडफोन प्रवासाला सोयीचे असले, तरी घरात दोन-दोन तास ऐकण्यासाठी ते तितकेसे सुखाचे नाहीत. म्हणून ते या लेखाबाहेर ठेवले आहेत. मध्यम किंमत म्हणजे साधारण ५ ते २० हजार रुपये. त्याखाली बांधणीत बरीच काटकसर दिसते आणि त्यावर पैसा वाढतो त्या मानाने ध्वनी सुधारत नाही. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात २८३ हेडफोनांच्या मोजमापांचे विश्लेषण मांडले. त्यात किरकोळ किंमत आणि वारंवारता-प्रतिसाद, म्हणजे खर्जापासून तारापर्यंतच्या स्वरांना हेडफोन किती समान न्याय देतो हे गुणवैशिष्ट्य, यांच्यात सहसंबंध आढळला नाही. जास्तीच्या पैशातून प्रायः मिळतात त्या गोष्टी वेगळ्या : चांगली गादी, टिकाऊ बिजागरी, बदलता येणारी तार, सुटे भाग. या गोष्टी क्षुल्लक नाहीत, पण त्यांना ध्वनीचा दर्जा समजणे चूक आहे.

ड्रायव्हर
विद्युत्संकेताचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या घटकाला ड्रायव्हर म्हणतात. सर्वांत रुळलेला प्रकार डायनॅमिक : पातळ पडद्याला तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते कायम चुंबकाच्या क्षेत्रात पुढे-मागे सरकते. या तत्त्वावरचा पहिला हेडफोन, बायरडायनॅमिकचा डीटी ४८, १९३७ मध्ये बर्लिनमध्ये तयार झाला. तत्त्व अद्याप तेच आहे. दुसरा प्रकार प्लेनर. यात वेटोळे नसते. पडद्यावरच वाहक पट्ट्या छापलेल्या असतात आणि पडद्याच्या एका किंवा दोन्ही बाजूंना चुंबकांची रांग असते. संपूर्ण पडदा एकसारखा ढकलला जात असल्याने विरूपण कमी राहते, पण चुंबकांमुळे वजन वाढते. हायफायमॅनचा एचई४००एसई हा या किमतीतला प्लेनर सुमारे ३९० ग्रॅमचा आहे, तर याच किमतीतले डायनॅमिक हेडफोन बहुधा २२० ते २८० ग्रॅममध्ये बसतात. खोक्यावर ठळक छापलेला ४० किंवा ५० मिलिमीटर हा पडद्याचा व्यास मात्र निवडीस जवळजवळ निरुपयोगी आहे. मोठा पडदा म्हणजे चांगला खर्ज, हे समीकरण हेडफोनात टिकत नाही. कारण पुढे ‘गादी आणि फट’ या भागात येईल.

उघडी वाटी, बंद वाटी
पडदा पुढे सरकतो तेव्हा कानाकडची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. या मागच्या हवेचे काय करायचे, या प्रश्नाच्या उत्तरावर हेडफोनांची मुख्य विभागणी उभी आहे. वाटीची पाठ बंद ठेवली तर ध्वनी आत राहतो. जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये मिलवॉकी येथे दाखवलेला पहिला स्टिरिओ हेडफोन त्याच पठडीतला. पाठीला जाळी ठेवली तर मागची लहर मोकळी निघून जाते. सेनहायझरने १९६८ मध्ये पिवळ्या फोमच्या गाद्यांचा एचडी ४१४ आणला, तेव्हापासून हा प्रकार घराघरात गेला.

बंद वाटीत मागची लहर भिंतीवर आपटून परत पडद्यावर येते. तिला शोषण्यासाठी आत कापूस, फोम किंवा फेल्ट भरतात. तरीही काही वारंवारता फुगतात आणि ध्वनीला किंचित डब्यातला गुण येतो. उघड्या वाटीत हा दोष मुळातच कमी असतो. वाद्ये डोक्याच्या थोडी बाहेर, सुटीसुटी ऐकू येतात आणि कानही कमी तापतो. मोबदल्यात दोन गोष्टी द्याव्या लागतात. बाहेरचा आवाज थेट आत येतो आणि आतले गाणे बाहेर जाते. रात्री शेजारी कोणी झोपले असेल तर उघड्या हेडफोनमधली झांज त्याला स्पष्ट ऐकू येते. शिवाय अगदी खालचा खर्ज उघड्या डायनॅमिक हेडफोनांत हळूहळू ओसरतो. प्लेनरमध्ये तो बराच टिकतो.

बायरडायनॅमिकची डीटी ७७०, डीटी ८८० आणि डीटी ९९० ही भावंडे या तुलनेला सोयीची आहेत. बाहेरून जवळपास सारखी दिसणारी ही तीन मॉडेल अनुक्रमे बंद, अर्धउघडी आणि उघडी आहेत. उघडी की बंद, हा निर्णय सर्वप्रथम घ्यावा, कारण तो ध्वनीच्या आवडीपेक्षा घराच्या रचनेवर ठरतो. स्वतंत्र खोली असेल तर उघडी वाटी जवळजवळ नेहमीच सरस. एकाच खोलीत चारजणांचा वावर असेल तर बंद वाटीला पर्याय नाही.

गादी आणि फट
बंद वाटी, तिची गादी आणि डोक्याची बाजू यांच्यामध्ये हवेचा लहानसा कप्पा तयार होतो. हा कप्पा हवाबंद असेल तर अतिमंद स्वरांत पडदा जितका सरकेल त्या प्रमाणात कानापाशी दाब बदलतो. म्हणूनच चार सेंटिमीटरचा जो पडदा टेबलावर ठेवला तर खर्जाचा मागमूसही देणार नाही, तो कानापाशी ३० हर्ट्झ सहज काढतो. कप्प्याला फट पडली की दाब निसटतो आणि नुकसान खालच्या स्वरांचेच होते. चष्म्याची काडी, कानामागचे दाट केस, जबड्याचा खोलगटपणा, झिजलेली गादी यांतले काहीही पुरेसे आहे. एकाच हेडफोनबद्दल एकजण खर्ज भरपूर असल्याचे सांगतो आणि दुसरा खर्जच नसल्याची तक्रार करतो, तेव्हा दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता दाट असते.

तपासणी सोपी आहे. गाणे चालू असताना दोन्ही वाट्या तळहातांनी हलकेच डोक्याकडे दाबाव्यात. डग्ग्याचा घुमारा एकदम वाढला तर नेहमीच्या स्थितीत कुठेतरी फट आहे. मग चष्मा काढून तोच प्रयोग करावा. फटीचे कारण तिथेच उघड होते. चष्मा लावणाऱ्यांना जाड, मऊ गादीचा हेडफोन किंवा फटीला कमी संवेदनशील असलेली उघडी वाटी बरी पडते. पडद्याचा व्यास छापणारे उत्पादक गादीची जाडी क्वचितच छापतात, हे खेदाचे आहे.

घरातला गोंगाट
बंद वाटी बाहेरचा आवाज थोपवते, पण सगळ्या वारंवारतांत सारखी नाही. तीक्ष्ण आवाज बरेच अडतात, घुमणारे आत येतात. सक्रिय गोंगाटनिरोध याच्या उलट वागतो. वाटीवरचे मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात, परिपथ त्याची उलट लहर तयार करतो आणि दोन्ही एकमेकांना मारतात. अमर बोस यांना १९७८ मध्ये झ्युरिचहून परतताना विमानात ही कल्पना सुचली आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी तसा संच विक्रीस आणला. एकसुरी, संथ, खालचा आवाज मारणे या तंत्राला उत्तम जमते : पंखा, वातानुकूलन यंत्र, रस्त्यावरून जाणाऱ्या बसची घरघर. कुकरची शिट्टी किंवा शेजारच्या खोलीतले संभाषण थांबवणे त्याला तितके जमत नाही. त्या आवाजांना वाटीची जाड भिंतच अडवते. शांत खोलीसाठी या सोयीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही, कारण त्याच किमतीच्या साध्या हेडफोनमध्ये तो पैसा ड्रायव्हर आणि बांधणीकडे वळलेला असण्याचा संभव जास्त.

स्वरसंतुलन
माणसाच्या श्रवणाची कक्षा २० ते २०,००० हर्ट्झ. खोक्यावर ५ ते ४०,००० असे आकडे दिसतात. त्यांच्यासोबत किती डेसिबलच्या चढउतारात, हे लिहिलेले नसेल तर त्यांना अर्थ नाही. ४०,००० हर्ट्झला ध्वनी कुजबुजीइतका उरला तरी तो आकडा तांत्रिकदृष्ट्या खरा ठरतो. महत्त्व आहे ते या कक्षेतल्या वारंवारता-प्रतिसादाच्या आलेखाच्या आकाराला.

हा आकार सपाट नसावा, ही गोष्ट प्रथम विचित्र वाटते. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि एका टोकाला बंद असल्यामुळे ३,००० हर्ट्झच्या आसपास तिच्यात अनुनाद होतो. समोरून येणारा कोणताही ध्वनी या अनुनादाने वाढूनच कानाच्या पडद्यावर पोहोचतो आणि मेंदूला त्याची जन्मापासून सवय असते. हेडफोन कानाला लागूनच वाजतो, बाह्यकर्णाचा सहभाग बदलतो; म्हणून कानाच्या पडद्यापाशी मोजला असता चांगल्या हेडफोनचा आलेख त्या भागात वर उचललेला दिसला पाहिजे. तो उचललेला नसेल तर गाणारा आवाज पडद्याआडून आल्यासारखा वाटतो. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२ नंतर हार्मन कंपनीत अनेक श्रोत्यांवर, हेडफोनची ओळख लपवून चाचण्या घेतल्या आणि बहुसंख्यांना भावणारा एक आलेख निश्चित केला. हार्मन लक्ष्यरेषा या नावाने तो ओळखला जातो. २०१९ मध्ये आलेला एकेजी के३७१ हा त्या रेषेशी जवळून जुळणारा बंद हेडफोन. ही रेषा सरासरीची आहे. वैयक्तिक आवड तिच्यापासून थोडी दूर असू शकते, पण अनोळखी हेडफोन पारखताना तिच्याइतका उपयोगी संदर्भ दुसरा नाही.

५,००० ते ९,००० हर्ट्झमधला उंचवटा मात्र सावधपणे पाहावा. या पट्ट्यात स, श, च यांचा घर्षणध्वनी असतो. दुकानात पाच मिनिटे ऐकताना हा उंचवटा लख्ख, तपशीलवार भासतो आणि घरी तासाभरात कान शिणवतो. डीटी ९९०बद्दल हीच तक्रार सर्वाधिक ऐकू येते, आणि काहींना तो नेमका याच लखलखाटासाठी आवडतो.

तानपुऱ्याची कसोटी
हेडफोन पारखण्यासाठी परदेशी संकेतस्थळांवर बहुधा रॉक किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत वापरतात. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या घराला तानपुरा अधिक उपयोगी पडतो. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झवर असतात आणि खर्जाची तार ६९ हर्ट्झवर. जवारी नीट काढलेली असेल तर या तारांतून कित्येक हजार हर्ट्झपर्यंत स्वरांशांची मालिका निघते. एकाच वाद्यात हेडफोनची खालची, मधली आणि वरची अशी तिन्ही क्षेत्रे एकदम तपासली जातात, आणि तेही संथ, न बदलणाऱ्या आवाजावर.

येथे कानाचा एक गुण लक्षात घ्यावा लागतो. हेडफोनने ६९ हर्ट्झ जवळजवळ गाळले तरी खर्जाचा सा ऐकू येतोच, कारण १३९, २०८, २७७ या वरच्या स्वरांशांवरून मेंदू मूळ स्वर जुळवून घेतो. छोट्या रेडिओवरही खर्जाची तार ओळखू येते ती यामुळे. हरवतो तो स्वर नव्हे, त्याचा भार. तेव्हा तपासायचे ते असे : खर्जाची तार छेडल्यावर तिचे वजन जाणवते का, जोडीच्या दोन तारांमधली सूक्ष्म आंदोलने वेगळी ऐकू येतात का, आणि जवारीचा झणकार रेशमी आहे की त्यात एखादाच स्वरांश काचेसारखा टोचतो. टोचत असेल तर वरच्या पट्ट्यात उंचवटा आहे. त्यानंतर एखादी स्त्रीस्वरातली बडी बंदिश आणि डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड ऐकली की परीक्षा पुरी होते. मींड सुरुवातीपासून अखेरपर्यंत सारख्या जोराने ऐकू यावी. मध्येच फुगली तर बंद वाटीतला अनुनाद समजावा.

स्रोत आणि शक्ती
हेडफोनवर दोन आकडे असतात : ओहममधला इम्पीडन्स आणि डेसिबलमधली संवेदनशीलता. पहिला सांगतो की ठरावीक व्होल्टेजला किती विद्युत्प्रवाह वाहील, दुसरा सांगतो की मिळालेल्या शक्तीतून किती ध्वनी निघेल. दोन्ही एकत्र वाचले तरच उपयोग. यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटर अशा छोट्या अडॅप्टरमधून साधारण १ व्होल्ट मिळतो असे धरू. ३२ ओहमच्या हेडफोनला त्यातून सुमारे ३१ मिलिवॅट पोहोचतात, ३०० ओहमच्या हेडफोनला ३.३ मिलिवॅटच. दोघांची संवेदनशीलता एका मिलिवॅटला ९७ डेसिबल असेल तर पहिला कमाल ११२ डेसिबलपर्यंत जाईल, दुसरा १०२ डेसिबलपर्यंत. शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणात सरासरी पातळी शिखरापेक्षा १५-२० डेसिबल खाली असू शकते. म्हणजे दुसऱ्यावर सरासरी ८२ ते ८७ डेसिबल. दिवसभर ऐकायला ही पातळी जास्तच आहे. ३०० ओहमसाठी स्वतंत्र ॲम्प्लिफायर हवाच, हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे. अडॅप्टर अर्ध्या व्होल्टचा असेल तर ६ डेसिबल आणखी कमी होतात आणि मग हळू आवाजात मुद्रित झालेल्या जुन्या मैफली अपुऱ्या पडतात.

संवेदनशीलता देताना काही उत्पादक एका मिलिवॅटचा आधार घेतात, काही एका व्होल्टचा. ३२ ओहमच्या हेडफोनसाठी या दोन पद्धतींत १५ डेसिबलचा फरक पडतो, ३०० ओहमसाठी ५ डेसिबलचा. आधार न पाहता केलेली तुलना म्हणूनच फसते. कमी ओहमच्या प्लेनरला वेगळी अडचण येते : २५ ओहमला १ व्होल्टवर ४० मिलिअँपिअर प्रवाह लागतो आणि प्रत्येक छोटा अडॅप्टर तो स्वच्छपणे देऊ शकत नाही.

घरात जुना म्युझिक सिस्टिम किंवा रिसीव्हर असेल तर आणखी एक बाब तपासावी. हेडफोनसाठीच्या निर्गमाला स्वतःचाही इम्पीडन्स असतो. तो हेडफोनच्या एकअष्टमांशापेक्षा कमी असावा असा संकेत आहे. जुन्या उपकरणांत तो शंभर ओहमच्या पुढेही आढळतो. डायनॅमिक हेडफोनचा इम्पीडन्स खर्जाच्या अनुनादापाशी वाढत असल्याने अशा जोडणीत तेवढाच भाग फुगतो आणि खर्ज सैल होतो. प्लेनरचा इम्पीडन्स सर्वत्र जवळपास सारखा असतो. त्याचा स्वरसमतोल बिघडत नाही, आवाज तेवढा कमी होतो.

तार की ब्लूटूथ
ब्लूटूथमध्ये ध्वनी आकुंचित करून पाठवला जातो. सीडीचा दर सेकंदाला १,४११ किलोबिट, एसबीसी या मूळ कोडेकचा (आकुंचन-पद्धतीचा) सामान्यतः ३२८ पर्यंत, सोनीच्या एलडीएसीचा कमाल ९९०. हा फरक शांत खोलीतही ओळखणे सोपे नाही. हेडफोनच्या स्वरसंतुलनातला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. खरी अडचण विलंबाची आहे. ध्वनी बांधणे, पाठवणे आणि उलगडणे यात एक ते तीन दशांश सेकंद जातात. चित्रपट पाहताना बहुतेक ॲप चित्रही तितकेच उशिरा दाखवून मेळ घालतात. डिजिटल कीबोर्ड वाजवताना तसे करता येत नाही. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांनी चालला असेल तर एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे पट्टी आत्ता दाबली आणि स्वर जवळजवळ पुढच्या मात्रेवर उमटला. कीबोर्ड शिकणाऱ्याने तारेचाच हेडफोन घ्यावा. तबल्याच्या ॲपबरोबर गाणाऱ्याला विलंबाचा त्रास होत नाही, कारण ठेकाच उशिरा येतो आणि गाणारा त्यालाच धरून गातो. त्याला त्रास होतो बंद वाटीचा : कान झाकले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि सूर तपासणे अवघड जाते. रियाजाला उघडी वाटी बरी.

ऑनलाइन बैठकीत ब्लूटूथ हेडफोनचा स्वतःचा मायक्रोफोन चालू झाला की जोडणी प्रायः संभाषणाच्या जुन्या पद्धतीत जाते. ध्वनी एकपदरी होतो आणि वरची मर्यादा ४ किंवा ८ किलोहर्ट्झवर येते. लॅपटॉपचा मायक्रोफोन निवडला तर हे टळते.

दूरदर्शन संच ही स्वतंत्र समस्या आहे. घरातल्या ज्येष्ठांना कमी ऐकू येते, म्हणून हेडफोन आणला जातो आणि तो जोडताच बहुतेक संचांचे स्पीकर बंद होतात. बाकीच्यांची मालिका मुकी. काही संचांत दोन्ही एकदम चालू ठेवण्याची सोय असते, पण ती सेटिंगच्या खोल कप्प्यात असते आणि खरेदीपूर्वी शोधून पाहावी लागते. नसेल तर ऑप्टिकल निर्गमाला जोडायचा रेडिओ-लहरींचा ट्रान्समीटर आणि त्याचा हेडफोन असा जोड मिळतो. त्यात विलंब फारच कमी असतो, आणि आवाजाचे बटण हेडफोनवरच असल्याने रिमोटवरून वाद होत नाहीत.

वजन आणि पकड
पाऊण तासानंतर स्वरसंतुलनापेक्षा टाळूवरचा दाब जास्त जाणवतो. २५० ग्रॅमच्या आसपासचा हेडफोन बहुतेकांना विसरता येतो. ३५० च्या पुढे पट्ट्याची रचना चांगली असल्याखेरीज तो टोचू लागतो. वाट्यांची पकड सैल असली तर फट पडते, घट्ट असली तर चष्म्याच्या काड्या रुततात. नव्या हेडफोनची पकड पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर ताणून ठेवल्यास थोडी सैलावते. काही तास वाजवल्यावर ड्रायव्हर खुलतो, ही समजूत मात्र फार ताणलेली आहे. मोजमापात दिसणारा बदल नगण्य असतो. मऊ होते ती गादी आणि सरावतो तो कान.

गादीच्या कापडाचा विचार हवामानासह करावा. मखमली गादी घाम शोषते आणि थंड राहते, पण आवाज थोडा बाहेर सोडते. कृत्रिम चामड्याची गादी फट चांगली बुजवते, परंतु त्यातले पॉलियुरेथेन दमट हवेतल्या पाण्याच्या अंशाने विघटित होते. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात दोन-तीन पावसाळ्यांत तिचे काळे पापुद्रे कानाला चिकटू लागले तर नवल नाही. खोक्यात मिळणारी सिलिका जेलची पुडी फेकू नये. ती आणि बंद डबा एवढ्यानेही गादीचे आयुष्य वाढते.

इक्वलायझर
स्वरसंतुलनातला दोष बऱ्याच अंशी सॉफ्टवेअरने दुरुस्त होतो. विंडोजवर इक्वलायझर एपीओ हा विनामूल्य प्रोग्रॅम आहे, अँड्रॉइडवर वेव्हलेट. ऑटोईक्यू या प्रकल्पात हजारो मॉडेलांसाठी तयार दुरुस्त्या उपलब्ध आहेत. टोचणारा उंचवटा चार-पाच डेसिबलने उतरवणे हा सर्वांत यशस्वी उपयोग. खर्ज वाढवायचा असेल तर आधी एकूण पातळी तितकीच कमी करावी, नाहीतर संकेताची शिखरे कापली जातात. फटीतून निसटलेला खर्ज, बंद वाटीतले अनुनाद आणि रुतणारी पकड यांवर इक्वलायझरचा इलाज नाही. त्यामुळे खरेदीच्या वेळी जे नंतर बदलता येत नाही त्याला, म्हणजे वाटीचा प्रकार, बसणे आणि वजन यांना, स्वरसंतुलनापेक्षा अधिक महत्त्व द्यावे.

किती जोरात, किती वेळ
जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानली आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल. पातळी दर ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. उघडा हेडफोन पंख्याखाली ऐकताना आवाज नकळत वाढवला जातो, त्यामुळे गोंगाटाच्या घरात बंद वाटी ही श्रवणरक्षणाचीही सोय ठरते.

ऐकून घेणे
मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथे माल भरपूर मिळतो. स्वस्थपणे बसून ऐकण्याची सोय विरळा. ऑनलाइन खरेदीत परतीची मुदत हाच ऐकण्याचा अवधी समजावा आणि विक्रेता अधिकृत आहे का ते आधी पाहावे, कारण ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स किंवा सेनहायझरच्या लोकप्रिय मॉडेलांच्या हुबेहूब नकला बाजारात फिरतात. परतीच्या मुदतीत एकदा तरी सलग दोन तास, चष्म्यासह आणि घरातल्या नेहमीच्या गोंगाटात ऐकावे. दोन हेडफोन एकामागून एक ऐकताना दोघांचा आवाज कानाला सारखा लागेल असा जुळवून घ्यावा. किंचित जोरात वाजणारा नेहमीच सरस भासतो.

सुटे भाग
तारेच्या हेडफोनमध्ये प्रथम गादी जाते, मग प्लगजवळची तार, ड्रायव्हर सर्वांत शेवटी. गाद्या आणि तार हाताने बदलता येत असतील तर हेडफोन दशकभर सहज चालतो. सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून आणि सेनहायझरचा एचडी ६०० १९९७ पासून बाजारात आहेत, आणि दोन्हींच्या गाद्या आजही मिळतात. मात्र एमडीआर-७५०६ ची तार कायमची जोडलेली, एचडी ६०० ची सुटी. ब्लूटूथ हेडफोनचे आयुष्य बॅटरीच ठरवते. लिथियम-आयन बॅटरी काही शे आवर्तनांनंतर क्षीण होते आणि बहुतेक मॉडेलांत ती वाटीच्या आत बंदिस्त असते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतील बॅटरी, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. तोपर्यंत ब्लूटूथ घ्यायचाच असेल तर तारेनेही वाजणारा आणि बॅटरी संपल्यावरही तारेवर चालणारा घ्यावा. काही मॉडेलांना तार जोडली तरी बॅटरीचीच वीज लागते. ही अट माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते.